पहिलटकरणीचा प्रश्न: नॉर्मल बाळंतपणाची तयारी नेमकी कशाची करायची?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय २८, पहिलंच बाळंतपण, ३१वा आठवडा चालू. राहायला आणि नोकरीला पुण्यात, पण रिवाजाप्रमाणे बाळंतपण माहेरी, साताऱ्याजवळच्या गावी. नॉर्मल व्हावं अशी मनापासून इच्छा आहे. सासूबाई म्हणतात, उकिडवं बसून फरशी पुस, नववा लागला की दुधात तूप घालून पी. मैत्रिणी म्हणतात, हल्ली नॉर्मल कुणी करतच नाही. सोनोग्राफीत बाळाच्या गळ्याभोवती नाळेचा एक वेढा दिसलाय, त्याची धास्ती बसलीय. तर तयारी काय करू, आणि ऐन वेळी डॉक्टर ‘सिझर करावं लागेल’ म्हणाले तर ते खरंच गरजेचं आहे का, हे कसं कळणार?

मी २६ वर्षं प्रसूतितज्ज्ञ म्हणून काम करते. त्यातली पहिली काही सरकारी रुग्णालयात गेली, बाकीची तालुक्याच्या गावी. तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे. पण आधी फरशी आणि तूप.

उकिडवं बसून फरशी पुसण्यात वाईट काही नाही. मांड्या, कंबर आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू त्याने हलते राहतात. पण फरशी पुसली म्हणून बाळ खाली सरकतं असं नाही. तुमच्यासारखी दिवसभर खुर्चीत बसणारी मुलगी रोज अर्धा तास चालली, भिंतीला पाठ टेकवून सावकाश दहा-पंधरा उठाबशा काढल्या, हातापायांवर ओणवी होऊन मांजरासारखी पाठ वर-खाली केली, तरी तेच साधतं. वार (नाळ जिला जोडलेली असते ती) खाली असेल, मध्ये रक्त गेलं असेल किंवा गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घातला असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही करू नका. तूप वरणभातावर घ्या. प्यालेलं तूप आतड्यात जातं, गर्भपिशवीच्या वाटेला ते कधी जात नाही, त्यामुळे त्याने बाळाची वाट ‘सुळसुळीत’ होत नाही. सासूबाईंना हे सांगताना त्यांचा मान राखून सांगा, त्या तुमच्या काळजीपोटीच बोलतायत. एरंडेल मात्र घरच्या घरी कुणाच्याही सांगण्यावरून घेऊ नका. जुलाब होऊन अंगातलं पाणी जातं आणि कळा सुरू होण्याआधीच बाई गळून जाते.

शरीराच्या तयारीत ज्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं ती गोष्ट म्हणजे हिमोग्लोबिन. लेबर रूममध्ये बाई आली की मी आधी दोन आकडे बघते, हिमोग्लोबिन आणि ब्लडप्रेशर. बाळंतपणात थोडं रक्त सगळ्यांचंच जातं. १२ हिमोग्लोबिनची बाई ते सहज सोसते, आणि ८ची बाई तेवढ्याच रक्तस्रावात पांढरीफटक पडते. गरोदरपणात ते ११च्या खाली नको. तुमच्या हातात अजून दोन महिने आहेत. लोहाची गोळी चहाबरोबर आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेऊ नका, दोन्हींमुळे लोह अंगी लागत नाही. लोह दुपारी जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर घ्या आणि कॅल्शियम सकाळी किंवा रात्री. शी काळी होईल, घाबरू नका. पुढच्या तपासणीत आकडा नुसता फाईलमध्ये लिहून घेऊ नका. ‘माझं किती आलं?’ असं तोंडाने विचारा.

आता मुद्द्याचं. नॉर्मल बाळंतपणाची खरी तयारी व्यायामात थोडी आणि बोलण्यात जास्त असते. कळा सुरू झाल्यावर कुणाच्या हाती असाल, तुमच्याजवळ कोण बसणार आणि त्या माणसांशी तुमचं आधी काय बोलणं झालंय, यावर पुष्कळ काही ठरतं. आणि नेमकी हीच तयारी आपल्याकडच्या पहिलटकरणीची राहून जाते. सात महिने एका डॉक्टरकडे जायचं, ओटीभरण झालं की माहेरी, आणि तिथे ३७व्या आठवड्यात नव्या डॉक्टरांची पहिली भेट. त्यांना तुमची काही माहिती नाही, तुम्हाला त्यांची नाही. दोन आठवड्यांनी रात्री दोन वाजता कळा सुरू होतात आणि दोन अनोळखी माणसं एकमेकांसमोर उभी राहतात. माहेरची पद्धत चांगलीच आहे. पहिल्या बाळंतपणात आईचा हात जवळ असण्यासारखं दुसरं औषध नाही. पण माहेरी जायला ३७वा आठवडा उजाडू देऊ नका. ३३-३४व्या आठवड्यात एक शनिवार काढून साताऱ्याला जा, डॉक्टरांना भेटा, लेबर रूम बघायला मागा. पुण्याची सगळी फाईल बरोबर न्या, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी. प्रसूतीची तारीख खरी तीच सांगते.

त्या भेटीत काय विचारायचं? रात्री लेबर रूममध्ये कोण असतं, नुसती आया की प्रसूतीचं शिक्षण घेतलेली सिस्टर? कळा चालू असताना आई किंवा नवरा, एकाला तरी आत थांबू देता का? चालू-फिरू देता की खाटेवर झोपवूनच ठेवता? पाणी, पेज, ताक प्यायला देता का? पहिलटकरणीला बाळाची वाट रुंद करायला खाली छेद आणि टाके सरसकट देता की गरज असेल तेव्हाच? रक्त लागलं तर कुठून येतं, भूल देणारे डॉक्टर आणि बालरोगतज्ज्ञ किती वेळात पोहोचतात? आणि एक प्रश्न न लाजता विचारा: तुमच्याकडे पहिल्या बाळंतपणाला येणाऱ्या दहांपैकी किती जणींचं सिझर होतं? चांगला डॉक्टर या प्रश्नाने चिडत नाही. मला कुणी विचारलं की बरंच वाटतं, कारण मग त्या बाईशी मोकळं बोलता येतं.

मैत्रिणींचं म्हणणं अगदीच खोटं नाही. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशभरातल्या खासगी रुग्णालयांतल्या प्रसूतींपैकी ४७.४ टक्के सिझेरियन निघाल्या, सरकारीमध्ये १४.३ टक्के. एवढी तफावत बायकांच्या शरीरात नसते. सगळे डॉक्टर पैशासाठी करतात असं लोक म्हणतात. असे आहेत, नाही असं मी म्हणणार नाही. पण त्याहून मोठं कारण साधं आहे. पहिलं बाळंतपण बारा-चौदा तास चालतं आणि तेवढा वेळ कुणीतरी शांतपणे बाईजवळ बसावं लागतं. सिझर तासाभरात आटोपतं. एकटा डॉक्टर, दिवसभराची ओपीडी, रात्री शिकलेली सिस्टर नाही, बाहेर व्हरांड्यात वीस नातेवाईक ‘अजून किती वेळ? काही झालं तर बघा’ म्हणतायत, अशा वेळी त्याचाही धीर सुटतो. बसणारं माणूस नसणं हे मोठं दुखणं आहे. केंद्र सरकारने २०१८ साली प्रसूतिसेविकांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, नर्सना १८ महिन्यांचं खास शिक्षण द्यायचं ठरवलं, ते याचसाठी. ते तालुक्यातालुक्यात पोहोचेपर्यंत ती जागा तुमच्या आईने किंवा नवऱ्याने भरायची आहे.

बसणारं माणूस काय करतं, ते मी एका रात्री पाहिलं. दहा-अकरा वर्षं झाली असतील. एक पहिलटकरीण संध्याकाळी दाखल झाली होती. अकरा वाजता पिशवीचं तोंड ४ सेंटिमीटर उघडलेलं, रात्री तीन वाजताही तेवढंच. ताशी एक सेंटिमीटर हवं, असं मी शिकले होते. मी सिझरसाठी भूलतज्ज्ञांना फोन लावायला निघाले. मुलीजवळ तिची आत्या होती. प्रत्येक कळेला ती तळहाताच्या टाचेने मुलीच्या माकडहाडावर दाब द्यायची आणि एकाच सुरात म्हणायची, ‘आली का? येऊ दे... येऊ दे... गेली बघ.’ कळ गेली की पदराने तिचा घाम पुसायची आणि दोन घोट पाणी पाजायची. सिस्टर मला म्हणाली, ‘मॅडम, ठोके छान आहेत, १४० आहेत. तिला जरा उठवून बसवू का?’ आम्ही तिला लाकडी खुर्चीवर उलटं बसवलं, खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात आणि कपाळ टेकवून. साडेपाचला बाळाचं डोकं दिसायला लागलं. फोन मी केलाच नाही. पुढे २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हेच लिहिलं: खऱ्या अर्थाने जोराच्या कळा ५ सेंटिमीटरपासून धरायच्या, ताशी एक सेंटिमीटरचा नियम सगळ्या बायकांना लागू होत नाही, आणि आई-बाळ ठीक असतील तर नुसत्या संथ गतीसाठी हात घालायचा नाही.

म्हणून तुमच्याबरोबर जो कुणी आत येणार आहे, त्याला आतापासून शिकवा. कमरेच्या खाली कुठे दाबायचं, कळ आली की तुमच्याबरोबर लांब श्वास कसा सोडायचा, हे आठवड्यातून दोनदा घरी करून बघा. श्वास फुंकर घातल्यासारखा तोंडाने, लांबवून सोडायचा. जबडा सैल ठेवायचा. दात आवळले की खालचे स्नायूही आवळतात, हे तुम्हाला करून बघताच कळेल. आत कुणाला घेत नाहीत असं सांगितलं तर विचारा, का नाही? सरकारी रुग्णालयांत बाळंतिणीसोबत एका बाईमाणसाला थांबू द्यावं, असं केंद्र सरकारने २०१६ मध्येच कळवलेलं आहे. खासगी ठिकाणी हे आधी बोललं तर बहुतेक डॉक्टर तयार होतात, ऐन वेळी दारात वाद घातला तर होत नाहीत.

आता सिझर खरं गरजेचं आहे का, हे कसं ओळखायचं. काही कारणांना वादच नसतो: वार पिशवीच्या तोंडावर आहे, वार आधीच सुटलीय, बाळ आडवं आहे, बाळाभोवतीचं पाणी गेल्यावर नाळ खाली आली, बाळाचे ठोके पडले आणि सावरत नाहीत. इथे ‘आपण नॉर्मलचं ठरवलं होतं’ हा शब्दही काढू नका. सही करा आणि जा.

काही कारणं अशी असतात की त्यांवर आणखी बोलायला हवं. गळ्याभोवती नाळेचा वेढा हे त्यातलं पहिलं. चार-पाच बाळांमागे एकाच्या गळ्यात तो असतो. बाळ नाळेतून रक्त घेतं, नाकातोंडातून श्वास घेत नसतं, त्यामुळे तुम्ही मनात जे चित्र उभं केलंय, गळफासाचं, तसं काही पोटात घडत नाही. डोकं बाहेर आलं की आम्ही तो वेढा बोटाने डोक्यावरून काढतो. ठोके बिघडले तर गोष्ट वेगळी, पण नुसता वेढा दिसला म्हणून सिझर ठरवायचं नसतं. ‘बाळ मोठं आहे’ हे दुसरं. सोनोग्राफीतल्या वजनात दहा-पंधरा टक्के चूक असू शकते. साडेतीन किलो सांगितलेलं बाळ तीनचं निघतं किंवा चारचं. तुम्हाला साखर नसेल तर एवढ्यावरून निर्णय होत नाही. ‘तारीख उलटली’ हे तिसरं. ठरल्या तारखेला फार थोडी बाळं जन्मतात. तारखेनंतर लक्ष ठेवायचं, ४१ आठवडे झाले की कळा आणायचं ठरवायचं, त्याहून पुढे ढकलत बसायचं नाही. बाळाने पोटात शी केली असेल तर सावध राहायचं, ठोके सतत बघायचे. ठोके चांगले असतील तर थांबता येतं. बाळ पायाळू असेल तर ३६-३७ आठवड्यांना पोटावरून हात लावून फिरवता येतं का, हे विचारा. सगळ्यांना ते चालत नाही, पण विचारल्याशिवाय कुणी सांगेलच असं नाही.

ऐन वेळी लांबलचक प्रश्न सुचत नाहीत. म्हणून दोनच पाठ करून ठेवा, तुम्ही आणि तुमच्या सोबत्यानेही. ‘बाळाचे ठोके कसे आहेत?’ आणि ‘आणखी तासभर थांबलो तर काय धोका आहे?’ डॉक्टर म्हणाले, ‘ठोके उतरतायत, थांबायला वेळ नाही,’ तर तो तुमचा निर्णय झाला. ‘ठोके ठीक आहेत, पण प्रगती नाही,’ म्हणाले तर विचारा, चालून बघू का, कूस बदलू का, लघवी करून येऊ का, कळांचं इंजेक्शन चालेल का? भरलेली लघवीची पिशवी बाळाचं डोकं अडवते, हे माहीत असूनही गडबडीत आम्हीसुद्धा कधी कधी विसरतो.

संमती तुमची असते. तुम्ही सज्ञान आहात, शुद्धीत आहात, तर तुमची सही पुरते. एका बाईला भूल दिलेली असताना तिच्या आईला विचारून तिची गर्भपिशवी काढली गेली, त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट सांगितलं की सज्ञान रुग्णाच्या जागी आईची संमती चालत नाही. सासरा व्हरांड्यात मुहूर्त बघून तारीख ठरवतोय आणि जिच्या पोटावर छेद जाणार ती आत गप्प, हे मी अनेकदा पाहिलंय, आणि दरवेळी मला तितकाच त्रास होतो. मुहूर्तासाठी ३७-३८व्या आठवड्यात काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होऊन काचेच्या पेटीत ठेवावं लागतं, तेव्हा तो मुहूर्त कुणाच्या कामाचा? ठरवून केलेलं सिझर, तातडीचं कारण नसेल, तर ३९ आठवड्यांआधी नको.

नॉर्मल बाळंतपणातल्या खालच्या छेदाबद्दल मला एक कबूल करायचंय. उमेदवारीच्या वर्षांत आम्ही प्रत्येक पहिलटकरणीला छेद द्यायचो, एनिमा द्यायचो, केस काढायचो. तशीच रीत होती, आणि मी प्रश्न केला नाही. त्या बायका महिना महिना नीट बसू शकत नव्हत्या. आता आपल्याला माहीत आहे की यातलं काहीच सरसकट लागत नाही. छेद क्वचित खरोखर लागतो, तेव्हा द्यावाच लागतो. तुम्ही तुमच्या बाजूने हे करू शकता: ३४व्या आठवड्यानंतर आठवड्यातून दोनदा, हात स्वच्छ धुऊन, खोबरेल तेल लावून अंगठे योनीमार्गात इंचभर आत ठेवायचे आणि खालच्या बाजूला व दोन्ही कडांना चार-पाच मिनिटं हळू ताण द्यायचा. थोडं जळजळल्यासारखं वाटतं. पहिल्या बाळंतपणात याने टाके पडण्याची शक्यता कमी होते. जंतुसंसर्ग असेल किंवा पाणी जात असेल तर करायचं नाही.

वेदनेचंही सांगते. कमरेतून इंजेक्शन घेऊन कळा सोसता येण्याजोग्या करता येतात. ते घेतल्याने सिझरची शक्यता वाढत नाही. जोर लावायचा काळ थोडा लांबू शकतो, कधी बाळाला चिमटा किंवा व्हॅक्युम लावावा लागतो. तुम्हाला हवं वाटलं तर मागा. त्यात कमीपणा नाही. साताऱ्यात तुम्ही निवडलेल्या ठिकाणी ते रात्री मिळतं का, एवढं आधी विचारून ठेवा.

निघायचं कधी? गाव लांब असेल तर रस्त्याचा वेळ धरा. कळा पाच पाच मिनिटांनी, मिनिटभर टिकणाऱ्या, तासभर सलग येत राहिल्या की निघा. खोट्या कळा चाललं, पाणी प्यायलं, कूस बदलली की विरतात. खऱ्या वाढत जातात. पण पाणी गेलं तर कळांची वाट न बघता निघा, वेळ आणि पाण्याचा रंग लक्षात ठेवा. रक्त जाणं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमचम, चेहऱ्यावर एकदम सूज, बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी, यातलं एकही झालं तर सकाळ होऊ देऊ नका. हालचाल कमी वाटली की ‘जेवून बघ, झोपून बघ’ असं घरात सांगतात. त्यात चार-पाच तास जातात आणि काही वेळा तेवढेच तास हवे असतात. १०८ला फोन करायला कुणाची परवानगी लागत नाही.

माझ्याकडची एक मुलगी सगळी तयारी करून आली होती. दहाव्या तासाला बाळाचे ठोके ७०वर आले ते परत चढेनात. पंधरा मिनिटांत बाळ बाहेर काढलं, दोन मिनिटांनी ते रडलं. आज ते शाळेत जातं. पण ती मला पुढे दोन वर्षं म्हणायची, ‘मॅडम, मला जमलं नाही.’ तुम्ही हे वाक्य मनात येऊच देऊ नका. तिने दहा तास कळा सोसल्या, प्रश्न विचारला, उत्तर ऐकलं आणि क्षणात ‘करा’ म्हणाली. बाळंतपणात यापेक्षा जास्त कुणी काय करतं?

साताऱ्याच्या भेटीला जाताना एका कागदावर पाच-सहा ओळी लिहून न्या आणि डॉक्टरांच्या हातात द्या: आत सोबतीला आई असेल, ठोके ठीक असतील तोवर मला चालू-फिरू द्या, छेद गरज पडली तरच, नाळ मिनिटभर थांबून कापा, बाळ लगेच माझ्या उघड्या छातीवर ठेवा, सिझर झालं तरी जमेल तितक्या लवकर, पहिल्या तासात चीक पाजायचाय, मध किंवा घुटी चाटवायची नाही. शेवटची ओळ आईला आधी वाचून दाखवा. मधाची बाटली बहुतेक वेळा आजीच्याच पिशवीत असते.